गाय मुंबईची, वाट कोकणची

(दृश्य: दादर, सकाळ. तुतारी एक्स्प्रेस रिकामी होतेय.)

कुडाळहून रात्रभराचा प्रवास. काकूंच्या हातात दोन पिशव्या. एकीत फायली, दुसरीत सोलं. भाचीकडे उतरायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? आज त्यांच्या हाडांचा स्कॅन आहे.

(दृश्य: प्रयोगशाळा. शिशाचा डबा.)

इथला दिवस धार काढून सुरू होतो. खरंच! या डब्याला इथली माणसं गायच म्हणतात. आत मॉलिब्डेनम-99, एक किरणोत्सारी धातू. ते 66 तासांत निम्मं होतं, आणि सरता सरता टेक्नेशियम-99एम तयार करत राहतं. आतून सलाईन खेचलं की टेक्नेशियम तेवढं कुपीत उतरतं. ते मात्र 6 तासांत निम्मं. म्हणून ही लगबग.

हेच टेक्नेशियम मिसळलेल्या औषधाची सुई काकूंना टोचून झाली. औषध हाडांत मुरायला दोन-तीन तास. तोवर पाणी प्यायचं. "अजून किती पिऊ गो?"

(दृश्य: कॅमेरा छातीवर उतरतो.)

या चौकोनी पेटीच्या तोंडाशी शिशाची जाड चाळण. हाडांतल्या टेक्नेशियमकडून सरळ आलेला गॅमा किरणच तिच्या भोकातून पार होतो, तिरका तिथेच अडतो. मागे सोडियम आयोडाइडचा स्फटिक. किरण आदळला की त्यात प्रकाशाची एक ठिणगी. ती कुठे पडली हे मागच्या, प्रकाश टिपणाऱ्या नळ्या मिळून ठरवतात, आणि पडद्यावर एक ठिपका उमटतो. ही युक्ती हॅल अँगर यांची, 1950च्या दशकातली. त्याआधीची यंत्रं अंगावरून ओळीओळीने सरकायची, नांगर धरल्यासारखी. आता काही नव्या कॅमेऱ्यांत ठिणगी आणि नळ्या दोन्ही गेल्या; कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचा स्फटिक किरणाची थेट वीजच करतो. औषध कमी लागतं, किंवा वेळ.

(दृश्य: महामार्ग, रात्र.)

पेट (PET) स्कॅन हा असाच किरणोत्सारी औषधाचा दुसरा स्कॅन. त्याचं फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून कोकणात सव्वासात तासांचा रस्ता म्हटला, तर पोचेपर्यंत सोळावा हिस्साच उरायचा. गायीचं तसं नाही. बारा तास गाडीत घातली तरी आठवा हिस्साही कमी होत नाही. म्हणजे गाय कोकणात येऊ शकते. सध्या काकू मुंबईला येतात.

(दृश्य: पडदा. ठिपक्यांतून कवटी, मग बरगड्या.)

रिपोर्ट उद्या.

(दृश्य: बाकावर काकू. सोलांची पिशवी मांडीवर. निवेदन नाही.)