नळीतच थिजणारा कॉलम

क्रोमॅटोग्राफीत मिश्रणातले घटक वेगळे करणारी नळी म्हणजे कॉलम. इथे तो केसासारख्या बारीक नळीत, केशनलिकेत, बनवायचा आहे. ही केशनलिका फ्यूज्ड सिलिकाची, म्हणजे शुद्ध काचेसारख्या पदार्थाची. बाहेरून पॉलिइमाइडचा तपकिरी लेप, आत 100 मायक्रोमीटरचं भोक. 20 सेंटीमीटर लांबीत जेमतेम दीड मायक्रोलिटर द्रव मावतो. अशा नळीत सिलिकाचे कण ठासायचे म्हणजे टोकाला फ्रिट (कण अडवणारं सच्छिद्र बूच) हवी, आणि तुंबते ती नेमकी फ्रिटच.

1992 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात फ्रांतिशेक श्वेत्स आणि जाँ फ्रेशे यांनी कणांऐवजी सलग, सच्छिद्र पॉलिमरचा दांडा, म्हणजे मोनोलिथ, वापरला. केशनलिकेत तर ही युक्ती फारच सोयीची: द्रव भरा, आतच थिजवा. अनारशासारखी जाळी पडते, पण आरपार.

खरी मेहनत भरण्याआधीची. पॉलिमर बनताना आकसतो. भिंतीने धरला नाही तर सुटतो आणि नमुना फटीतून पळतो. म्हणून आधी भिंत तयार करायची: 0.2 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा तास, पाणी, 0.2 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल अर्धा तास, पाणी, इथेनॉल. मग मेथाक्रिलेट गटाचं सिलेन (भिंतीला आणि पॉलिमरला सांधणारं रसायन), 95 टक्के इथेनॉलमध्ये 20 टक्के, असेटिक आम्लाने पीएच 5 वर आणून, तासभर संथ सोडायचं. धुवायचं, नायट्रोजनने सुकवायचं आणि नळी एक दिवस ठेवून द्यायची. घाई नेमकी इथेच होते.

पॉलिमरच्या मिश्रणात मोनोमर, म्हणजे जोडून पॉलिमर बनणारे लहान रेणू: 24 टक्के ब्युटिल मेथाक्रिलेट, 16 टक्के इथिलीन डायमेथाक्रिलेट. उरलेलं भोकं पाडणारे द्रावक, सायक्लोहेक्झानॉल आणि डेकॅनॉल. अभिक्रिया सुरू करणारं एआयबीएन मोनोमरच्या 1 टक्का. ऑक्सिजन अभिक्रिया अडवतो, म्हणून 10 मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे. टोकं बंद करून 60 अंश सेल्सिअसला 20 तास. तापमान वाढवलं तर काम लवकर होतं, पण भोकं बारीक पडतात आणि पंपाचा दाब चढतो. डेकॅनॉल वाढवलं की भोकं मोठी.

मग रात्रभर असेटोनायट्राइलने धुवायचं, आणि बाहेर येणारा द्रव टाकाऊ बाटलीत. उरलेला डेकॅनॉल आणि मोनोमर पुढच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) गेला, तर पार्श्वभूमीवर त्याचेच सिग्नल दिसत राहतात. पुढे नमुना वाहून नेणाऱ्या द्रवात 0.1 टक्का फॉर्मिक आम्ल, मिनिटाला 300 ते 500 नॅनोलिटर. ट्रायफ्लुरोअसेटिक आम्लाने शिखरं (आलेखावर एकेका घटकाचे उंचवटे) सुबक येतात, पण इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रोमीटरमध्ये शिरतानाच्या विद्युतभारित फवारणीत, सिग्नल दबतो.

प्रथिनांना हा कॉलम मानवतो. लहान रेणूंसाठी त्याचा पृष्ठभाग अपुरा पडतो. तिथे सिलिकाचा मोनोलिथ बरा.

पहिल्याच दिवशी ठरावीक प्रवाहाला किती दाब लागतो ते लिहून ठेवा. पुढे दाब अचानक उतरला आणि शिखरं दुभंगली, तर नळी सूक्ष्मदर्शकाखाली धरा आणि भिंतीलगत फट शोधा. वापर नसताना टोकं द्रावकात बुडवून ठेवा. कोरडा पडलेला पॉलिमरही आकसतोच.