इम्प्लांटवरच्या बायोफिल्ममधली प्रथिनं : यंत्रात घालण्याआधीचं काम

(बेळगावात मायक्रोबायॉलॉजीचे विद्यार्थी, ऑर्थोचे रेसिडेंट आणि थिएटरमधले कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

हाड जोडायला बसवलेली धातूची प्लेट संसर्गामुळे काढली की तिच्यावरच्या बायोफिल्ममध्ये, म्हणजे जंतू आणि त्यांच्याभोवतीचं चिकट आवरण यांच्या थरात, कोणती प्रथिनं आहेत ते मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वस्तुमान मोजून ओळख पटवणारं यंत्र) सांगतो, असं आपण धरून चालतो. पण यंत्र फक्त त्याला दिलेल्या नळीत काय आहे तेवढंच सांगतं. प्लेटवरचं नळीत किती आलं, हे थिएटर आणि वॉश बेसिन ठरवतात. म्हणून आज समोर सिस्टर बसल्या आहेत याचा आनंद आहे, आणि सुरुवातही तिथूनच करू.

प्लेट, स्क्रू किंवा खुब्याचा सांधा निघाला की ऑटोक्लेव्ह केलेल्या, रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात जायला हवा. प्लास्टिकची पिशवी नको. स्क्रूच्या टोकानं तिला बारीक भोक पडतं, सोनिकेटरमधलं (ध्वनिलहरींनी थर सुटा करणाऱ्या यंत्रातलं) पाणी आत शिरतं आणि त्या पाण्यातले जंतू पेशंटच्या नावावर जमा होतात. फॉर्मालिन तर नकोच. ते प्रथिनं एकमेकांना जखडून टाकतं. निपाणी, खानापूरकडून नमुना येणार असेल तर डबा बर्फात ठेवून पाठवा. इथे जंतू मेले की जगले एवढाच प्रश्न नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा या संसर्गांतला नेहमीचा जंतू स्वतःच ऑरिओलायसिन, व्ही-८, स्टॅफोपेन अशी प्रथिनं कापणारी एन्झाइम सोडतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात एसटीच्या डिकीत ती कामालाच लागतात. लगेच काम होणार नसेल तर कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्यासाठीचा) भाग आधी वेगळा काढा आणि उरलेलं उणे ८० अंशांवर ठेवा.

आता सोनिकेशन. २००७ मध्ये ट्रॅम्पुझ आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या खुब्या-गुडघ्याच्या सांध्यांवर ही पद्धत वापरली : ४०० मिली रिंगर द्रावण (क्षारांचं पाणी), ३० सेकंद व्होर्टेक्स (जोरात घुसळणं), ४० किलोहर्ट्झवर ५ मिनिटं सोनिकेशन, पुन्हा व्होर्टेक्स. या द्रवाच्या कल्चरमध्ये ७८.५ टक्के संसर्ग सापडले, ऊतींच्या कल्चरमध्ये ६०.८ टक्के. पण ही कृती कल्चरसाठी बेतलेली आहे. प्रथिनांसाठी ४०० मिली म्हणजे पातळ ताक. छोटी प्लेट किंवा स्क्रू असेल तर ५० मिलीच्या नळीत, बुडेल इतक्याच द्रवात ठेवा. मोठ्या सांध्याला इलाज नाही. तिथे सेंट्रिफ्यूज केल्यावर गाळ आणि वरचा द्रव दोन्ही जपायचे. गाळात जंतू असतात आणि बायोफिल्मच्या चिकट आवरणाचा बराच भाग वरच्या द्रवात, तरीही बहुतेक ठिकाणी तोच सिंकमध्ये जातो. तो १० किलोडाल्टनच्या (त्याहून छोटे रेणू खाली जाऊ देणाऱ्या) फिल्टरनं आटवलात तर खाली गळालेलंही फेकू नका. फिनॉल-सोल्युबल मोड्युलिन ही ऑरियसची जेमतेम २० ते ४५ अमिनो आम्लांची पेप्टाइडं त्यातूनच निसटतात.

धुण्याबद्दल जरा सावकाश बोलतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. रक्त काढायचं म्हणून प्लेट ७.४ पीएचच्या पीबीएसनं (फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या पाण्यानं) तीनतीनदा खळबळली जाते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऑरियसच्या बायोफिल्मवर २०१४ मध्ये दाखवलं गेलं, की आवरणात ईनोलेज, जीएपीडीएच अशी मूळची पेशीच्या आतली प्रथिनं बरीच असतात. वाढताना आम्लता वाढते आणि ती पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतात. पीएच ७.५ वर नेला की सुटतात. म्हणजे जे शोधायचं तेच धुऊन गेलं! एकदाच, थंड द्रवानं, हलक्या हातानं धुवा आणि ते धुवणही जपून ठेवा.

तरीही माणसाची प्रथिनं येणारच. अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, इम्युनोग्लोब्युलिन एवढी असतात की जंतूची प्रथिनं त्यांत बुडून जातात. प्लाझ्मासाठी बनवलेले अल्ब्युमिन काढायचे कॉलम इथे वापरावेत असं मला वाटत नाही. अल्ब्युमिनला चिकटलेलं जंतूचं प्रथिनही त्यासोबत जातं. शिवाय सगळंच माणसाचं प्रथिन कचरा नव्हे. फायब्रोनेक्टिन प्लेटवर आधी बसतं आणि जंतू त्यालाच धरतो. ऑरियसचं प्रोटीन ए इम्युनोग्लोब्युलिनची शेपटी पकडून ठेवतं. हे नातं दिसावं म्हणून तर हा खटाटोप.

पेशी फोडताना लायसोझाइमवर (जंतूंची भिंत कापणाऱ्या एन्झाइमवर) विसंबू नका, ऑरियस त्याला दाद देत नाही. लायसोस्टॅफिन भिंतीतले ग्लायसिनचे पूल कापतं, पण ते स्वतःच प्रथिन असल्यानं यादीत उगवतं. नाहीतर ०.१ मिलिमीटरचे मणी घालून झटके द्या आणि मध्ये नळी बर्फात ठेवा. पुढचं नेहमीचंच : बीसीएनं (रंगावरून प्रथिन किती ते सांगणाऱ्या चाचणीनं) मोजणी, मग डीटीटी (प्रथिनातले गंधकाचे बंध तोडायला), आयोडोॲसिटामाइड (ते पुन्हा जुळू नयेत म्हणून) अंधारात, ५० भाग प्रथिनाला १ भाग ट्रिप्सिन (प्रथिनाचे पेप्टाइडांत तुकडे करणारं एन्झाइम), रात्रभर ३७ अंशांवर. डीटीटी मोजणीआधी घातलंत तर बीसीएचं रीडिंग फुगतं. एसडीएस (साबणासारखं द्रव्य) वापरलं असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय नमुना यंत्राला लावू नका.

यंत्रात दिसलेली पेप्टाइडं कोणत्या प्रथिनाची याचा शोध घेताना माणूस आणि ऑरियस असे दोन्ही प्रथिनांचे डेटाबेस एकत्र लावा, शिवाय केराटिन (त्वचा-केसांतलं प्रथिन), ट्रिप्सिन, लायसोस्टॅफिनची यादी जोडा. फक्त जंतूचा डेटाबेस दिला तर माणसाची पेप्टाइडं जबरदस्तीनं जंतूच्या खात्यात बसवली जातात. ईनोलेज दोघांकडेही आहे, त्यामुळे फक्त जंतूतच सापडणारं पेप्टाइड दिसल्याशिवाय ते मोजू नका. चुकीच्या ओळखीचं प्रमाण १ टक्क्यावर बांधा.

तुलनेसाठी हाड जुळल्यावर काढलेली, संसर्ग नसलेली प्लेट लागते. ती त्याच धातूची हवी. स्टील आणि टायटॅनियमची गल्लत नको. सोबत नुसत्या रिंगरचा एक डबा याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. आणि रेसिडेंट मंडळींनो, संमतिपत्र आणि एथिक्स कमिटीची मंजुरी तर हवीच, पण फॉर्मवर शेवटचं अँटिबायोटिक कोणतं आणि कधी दिलं तेही लिहा. औषधाच्या माऱ्यातल्या जंतूची प्रथिनं वेगळी असतात. ती नोंद नसेल तर तो फरक आपण बायोफिल्मच्या माथी मारतो.