अख्खं काम

(पडद्यावर: सरकारी कार्यालयातलं एक टेबल. डावीकडे आलेल्या फायली, उजवीकडे निघालेल्या.)

डावीकडून फाइल येते. टिपणी लिहिली जाते, सही होते, फाइल उजवीकडे जाते. अर्जदाराला परवाना मिळाला का, किती दिवसांनी मिळाला, हे या टेबलावर कळत नाही. कळायची सोयच नसते. ही वाटणी उगाच केलेली नाही. सगळा निर्णय एका हाती राहू नये, प्रत्येक सहीवर दुसऱ्याची नजर असावी, म्हणून ती आहे. पण तिची किंमत टेबलामागे बसणारा मोजतो. त्याच्या वाट्याला कायम कामाचा तुकडा येतो. त्याला अख्खं काम कसं मिळेल आणि सॉफ्टवेअर त्यात कुठे येतं, ते इथे पाहू.

१९५९ साली मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून एक मांडणी केली. पगार, नोकरीची शाश्वती, नियम, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो आणि सुधारल्या की नाराजी जाते. समाधान मात्र त्यातून येत नाही. ते येतं पार पाडलेल्या कामातून, मिळालेल्या जबाबदारीतून. या मांडणीवर पुढे भरपूर टीका झाली, पण सरकारी नोकरीला ती चपखल बसते. "नोकरी उत्तम आहे, काम कंटाळवाणं आहे," असं एका दमात म्हणणारा कर्मचारी गोंधळलेला नसतो. तो दोन वेगळ्या खात्यांतली शिल्लक सांगत असतो.

१९७०च्या दशकात हॅकमन आणि ओल्डहॅम या अभ्यासकांनी समाधान देणाऱ्या कामाचे पाच गुण सांगितले. त्यातले दोन इथे महत्त्वाचे. एक, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून व्हावं. दोन, ते बरं झालं की वाईट, हे त्या कामातूनच कळावं. डावीकडच्या फायलीत यातलं काहीच नाही.

(पडद्यावर: काळा पडदा, त्यावर सरकत जाणाऱ्या प्रोग्रामच्या ओळी.)

आता मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरकडे बघू. म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्राम कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे देता येतो, असं सॉफ्टवेअर. हे लिहिणारे लोक ते का लिहितात, याचा एक गाजलेला अभ्यास लखानी आणि वुल्फ यांनी २००५ साली प्रसिद्ध केला. २८७ प्रकल्पांतले ६८४ जण. त्यातल्या सुमारे ४० टक्के लोकांना या कामाचे पैसे मिळत होते. तरीही सगळ्यांत जोरकस ठरलेलं कारण होतं, हे काम करताना आपण काही नवं घडवतो आहोत ही भावना. इथे दोष सापडला तर तो शोधायचा, दुरुस्त करायचा आणि दुरुस्ती स्वीकारली गेली की नाही ते उघड पाहायचं. काम अख्खं, आणि उत्तर लगेच.

कार्यालयात कंटाळणाऱ्या आणि प्रोग्राम लिहायला आवडणाऱ्या माणसाला नेहमीचा सल्ला असा मिळतो, की संध्याकाळपर्यंत कार्यालय, नंतर छंद. सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. कारण हा छंद कार्यालयाच्या आत शिरल्याची उदाहरणं आहेत, आणि ती जुनी आहेत.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयं आहेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या काही प्रोग्रामरनी आणि डॉक्टरांनी आपापल्या रुग्णालयात बसून, छोट्या संगणकांवर, मम्प्स नावाच्या भाषेत रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. वॉर्डातला डॉक्टर सांगणार, शेजारी बसलेला प्रोग्रामर बदल करणार, दुसऱ्या दिवशी तो वापरून पाहायचा. मुख्यालयातल्या संगणक विभागाला हे मान्य नव्हतं. त्यांचा भर मोठ्या, केंद्रीय यंत्रांवर होता. विरोध इतका वाढला, की काहींच्या नोकऱ्या गेल्या आणि काही ठिकाणची यंत्रं काढून नेली गेली. लोकांनी काम थांबवलं नाही. एका रुग्णालयातला प्रोग्राम दुसऱ्यात जाई, तिथून सुधारून परत येई. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या गुप्त वाटांवरून या मंडळींना 'अंडरग्राउंड रेलरोड' हे नाव पडलं. १९८२ मध्ये प्रणालीला अधिकृत मान्यता मिळाली. पुढे तिचं नाव 'व्हिस्टा' झालं. सरकारी कर्मचाऱ्यांनी लिहिलेली असल्यामुळे माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली ती कुणालाही मागून घेता आली.

त्यातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला टोपेका इथल्या रुग्णालयातल्या एका परिचारिकेनं पाहिलं, की भाड्याची मोटार परत घेणारा माणूस हातातल्या यंत्रानं पट्टी वाचतो आणि क्षणात हिशेब करतो. हेच रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाचं पाकीट यांच्यावर का करू नये? त्या विचारातून औषध देताना बारकोड तपासण्याची पद्धत उभी राहिली आणि पुढे या सगळ्या रुग्णालयांत गेली. कल्पना वॉर्डातून निघाली आणि वॉर्डातच वापरात आली. या दोन टोकांमध्ये फायलींचा डोंगर नव्हता, हे विसरता येत नाही.

नकाशांच्या क्षेत्रातलं 'ग्रास' हे सॉफ्टवेअरही असंच. १९८२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाच्या प्रयोगशाळेत, लष्करी जमिनींच्या व्यवस्थापनासाठी सुरू झालेलं. प्रयोगशाळेनं १९९०च्या दशकात अंग काढून घेतलं. प्रोग्राम खुला होता म्हणून आधी एका विद्यापीठानं आणि मग जगभरच्या स्वयंसेवकांनी तो पुढे नेला. आजही तो वापरात आहे.

(पडद्यावर: तक्ता उघडलेला संगणक. एका रकान्यात क्रमांक.)

एवढं मोठं काही करायची गरज नसते. एका टेबलावर बसून अख्खं करता येईल असं काम बहुतेक कार्यालयांत असतंच: मासिक विवरणपत्र. दहा-बारा शाखांकडून तक्ते येतात, ते एकत्र होतात, बेरजा होतात, पत्र जातं. दर महिन्याला तेच, आणि दोन दिवस जातात. मुक्त-स्रोत प्रोग्रामकडून काम करून घ्यायची सुरुवात इथून करावी. नागरिकांचे पैसे, हक्क किंवा मुदती ज्यावर अवलंबून आहेत, ते काम पहिल्यांदा हाती घेऊ नये.

पहिले तीन महिने जुनी पद्धत आणि नवी पद्धत शेजारीशेजारी चालवायची. बेरजा जुळल्या नाहीत तर जुनीच पाठवायची. हा नियम मोडण्याचा मोह दुसऱ्याच महिन्यात होतो.

चुका कुठे होतात, हे ठरलेलं आहे. शाखेकडून आलेली सीएसव्ही फाइल (साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामासारख्या चिन्हानं वेगळे केलेले) दोनदा क्लिक करून उघडली, की तक्त्याचा प्रोग्राम प्रत्येक रकान्याचा अर्थ स्वतःच लावतो. ००४५१ हा क्रमांक ४५१ होतो. पंधरापेक्षा जास्त अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून घेतला गेला, तर पंधराव्या अंकानंतरचे अंक शून्य होतात आणि परत मिळत नाहीत. ३/४ ही तारीख संगणकाच्या भाषेच्या सेटिंगनुसार ३ एप्रिल किंवा ४ मार्च ठरते. लिब्रेऑफिस या मुक्त-स्रोत कार्यालयीन प्रोग्राममध्ये सीएसव्ही उघडताना एक खिडकी येते. तिच्याकडे न बघता 'ठीक' दाबणं हीच चूक. तिथे अक्षरसंच यूटीएफ-८ निवडायचा, रकाने वेगळे करणारं चिन्ह, म्हणजे विभाजक, कोणता ते पाहायचं, क्रमांकांच्या रकान्यावर क्लिक करून त्याचा प्रकार 'मजकूर' करायचा आणि तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा क्रम द्यायचा. अर्धं मिनिट लागतं.

आणि ओळी मोजायच्या. शाखांकडून आलेल्या ओळींची बेरीज आणि एकत्रित तक्त्यातल्या ओळी, हे दोन आकडे शेजारी लिहायचे. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत कोरोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेत मोजले गेले नाहीत. कारण एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी बसत नाहीत, आणि एका रुग्णाला एकाहून अधिक ओळी लागत होत्या. त्यापुढचं सगळं गळालं. मोठा दोष, कारण एवढासा.

पत्र तयार होताना दुसरा त्रास फॉन्टचा. दुसऱ्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर बदली फॉन्ट बसतो, ओळ लांबते, सही पुढच्या पानावर जाते. मग लोक म्हणतात, सॉफ्टवेअर वाईट. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि एरियलच्या जागी लिबरेशन सान्स हे त्याच मापाचे मोफत फॉन्ट मुद्दाम तसे बनवलेले आहेत. ते बसवले की रोमन लिपीतल्या मजकुराच्या ओळी हलत नाहीत. बाहेर जाणारं पत्र मात्र पीडीएफ करूनच पाठवावं.

(पडद्यावर: म्युनिक शहर. मग फ्रान्समधली पोलीस चौकी.)

संस्थेच्या पातळीवर हेच मोठ्या मापानं घडतं. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलानं २००५ मध्ये फक्त कार्यालयीन प्रोग्राम बदलला, २००६ मध्ये ब्राउझर आणि ईमेल. विंडोज तसंच ठेवलं. लोक या प्रोग्रामांना सरावल्यावर, २००८ पासून, खालची प्रणाली बदलायला घेतली. तोवर पडद्यावर दिसणारं सगळं ओळखीचं झालं होतं. आज त्या दलातले सुमारे एक लाख संगणक विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त-स्रोत प्रणालीवर चालतात.

म्युनिकच्या नगर परिषदेनं २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. पत्रांच्या आणि नमुन्यांच्या जंजाळासाठी त्यांनी 'वोलमक्स' नावाचं स्वतःचं साधन लिहिलं आणि ते खुलंही केलं. तरी २०१७ मध्ये परिषदेनं विंडोजकडे परतायचं ठरवलं. यात राजकारण किती आणि तंत्र किती, यावर वाद आहे. पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या: बाहेरून येणाऱ्या फायली नीट उघडत नव्हत्या. आवडीनं लिनक्स वापरणारा माणूस अशी फाइल कशी उघडायची याचा खेळ करतो. ज्याच्यावर लिनक्स लादलं गेलं, त्याला तो अडथळा वाटतो. एकाचं समाधान दुसऱ्याची कटकट होऊ शकते, हे मुक्त-स्रोतवाल्यांना ऐकायला आवडत नाही.

परवानगीचं बोलायला हवं, कारण उत्साहात तेच राहून जातं. कार्यालयाच्या संगणकावर काहीही बसवण्याआधी संगणक विभागाची लेखी संमती हवी. तोंडी 'हो' बदलीनंतर कुणाला आठवत नाही. मागणी अर्ध्या पानाची असावी: कोणतं काम, कोणता प्रोग्राम आणि कोणती आवृत्ती, माहिती यंत्राबाहेर जाणार का, बंद पडलं तर जुन्या पद्धतीवर कसं परतणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असलं की वरिष्ठांची सही लवकर होते.

आपण लिहिलेला प्रोग्राम आपला नसतो, हेही आधी माहीत असावं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर शासकीय कामाचा पहिला मालक शासन. अमेरिकेत संघराज्याच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या लिखाणावर देशांतर्गत कॉपीराइटच नाही. युरोपीय संघानं २००७ मध्ये सरकारी सॉफ्टवेअरसाठी स्वतःचा परवाना तयार केला. भारत सरकारच्या २०१५ च्या धोरणात पुरवठादारांनी मुक्त-स्रोत पर्यायाचा विचार करावा आणि तो वगळल्यास कारण द्यावं, अशी अट आहे. विनंतीच्या कागदावर अशा नियमाचा उल्लेख असला, की ती कुणाची हौस उरत नाही.

आपला प्रोग्राम बाहेर देता येत नसेल तरी वापरत असलेल्या मुक्त-स्रोत प्रोग्राममधला दोष तो लिहिणाऱ्यांना कळवता येतो. आवृत्ती लिहायची, पायऱ्या क्रमानं लिहायच्या, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते एकेका ओळीत. सोबत तोच दोष दाखवणारी लहानात लहान फाइल, खोट्या नावांची. खरी फाइल जोडणं म्हणजे नागरिकांची माहिती जगासमोर टाकणं. 'चालत नाही' एवढंच लिहिलेली तक्रार वर्षानुवर्षं पडून राहते. नीट लिहिलेली कधी कधी पुढच्याच आवृत्तीत सुटते, आणि सुटल्याचा ईमेल येतो.

(पडद्यावर: दोन खुर्च्या, एक संगणक.)

मग बदलीचा आदेश येतो. कार्यालयांत गुपचूप चालणारी बहुतेक साधनं इथे मरतात, कारण ती एकाच डोक्यात असतात. चार्ज देताना दोन पानांची नोंद द्यावी: फायली कुठे आहेत, महिन्याच्या कोणत्या तारखेला काय चालवायचं, कोणता आकडा कशाशी जुळला पाहिजे, आणि जुळला नाही तर आधी कुठे बघायचं. पासवर्ड नोंदीत नको, तो संगणक विभागाकडे. खासगी खात्यावर ठेवलेली प्रत असेल तर ती काढून टाकायची.

नोंद पुरेशी आहे की नाही, हे वाचून कळत नाही. नव्या माणसाला खुर्चीवर बसवायचं, विवरणपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यालाच करू द्यायचं. जुन्यानं शेजारी बसायचं, हात कीबोर्डपासून दूर. तो जिथे अडेल, तिथे बोलायचं नाही. नोंदीत तेवढी ओळ वाढवायची.