अंग बाहेर येतं तेव्हा

(दृश्य: चोपडा तालुका. कापसाची वेचणी सुरू.)

दिवाळीच्या सुमाराला खानदेशात वेचणीला जोर येतो. दिवसभर वाकून वेचायचं, कमरेची ओटी भरली की रिकामी करायची, संध्याकाळी गाठोडं डोक्यावर. वेचणाऱ्या बायांतल्या एखादीला दुपार कलली की काहीतरी खाली उतरल्यासारखं वाटतं. ओटीपोट ओढतं. लघवीला बसलं तरी पूर्ण होत नाही. रात्री आडवं पडलं की सगळं आत जातं, म्हणून ती बोलत नाही. ‘कोनले सांगू माय?’ असं म्हणत वर्षं निघून जातात.

गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून स्नायू व बंध तोलून धरतात. बाळंतपणात ते ताणले जातात, कधी फाटतात. त्यात ओझी, जुना खोकला, बद्धकोष्ठता. पाळी गेल्यावर आधार आणखी सैल होतो. मग हे अवयव योनीकडे खाली उतरतात, यालाच ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात.

गावात सल्ला मात्र एकच मिळतो: गर्भाची पिशवी काढून टाक. पण बिघाड आधारात आहे. तो दुरुस्त केला नाही, तर पिशवी काढल्यावरही मूत्राशय किंवा योनीचा वरचा भाग खाली येऊ शकतो. मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी पिशवी न काढता ती वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया केव्हाच बसवल्या होत्या. त्रास थोडा असेल तर व्यायाम आणि योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग यांवरही भागतं.

(दृश्य: टेबलावर पांढरी जाळी, जवळून.)

सैल पडलेल्या आधाराला बळ द्यायला शस्त्रक्रियेत बसवतात ती ही जाळी. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची, हर्नियात वापरतात त्याच जातीची. शरीराची ऊती तिच्या छिद्रांतून वाढते आणि आधार तयार होतो. अडचणही तिथेच आहे, कारण एकदा रुजलेली जाळी सहज निघत नाही. योनीमार्गे बसवलेली जाळी काही बायांमध्ये आतून उघडी पडली. रक्तस्राव, सततची कळ, संबंधाच्या वेळी वेदना. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये इशारा दिला, आणि एप्रिल २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्रीच थांबवायला लावली. ब्रिटनने २०१८ मध्ये तिच्या वापराला लगाम घातला होता.

पोटातून, बहुधा दुर्बिणीने, योनीचा वरचा भाग कण्याच्या तळाच्या हाडाला जाळीने बांधतात, ती शस्त्रक्रिया आजही होते. तिथे जाळी उघडी पडण्याचा धोका कमी, पण शून्य नाही. म्हणून ‘जाळी चांगली की वाईट’ या वादात आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही. विचारायचं ते असं: कुठल्या वाटेने बसवणार? माझ्याच ऊतींचे टाके घालून भागणार नाही का? उघडी पडली तर काढणार कोण, जळगाव-धुळ्यात की मुंबईला जावं लागेल?

धडगावच्या डोंगरातून आलेल्या बाईला हे विचारायला सोबत कुणीतरी लागतं. आशाताई असली तर उत्तम. आणि जाळी बसवलीच, तर तिच्या पाकिटावरचं कंपनी आणि बॅच नंबरचं स्टिकर आपल्या फाईलवर चिकटवून घ्यायचं.