सदतीस गुणांचा उंबरठा

मंडळी, मुलाला अमेरिकेतल्या कॉलेजची खेळाची शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता दिसली की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘एसएटीला किती लागतात?’ एसएटी ही तिथली कॉलेज-प्रवेशाची परीक्षा. पण एनसीएए, म्हणजे तिथल्या कॉलेज-खेळांचं नियमन करणारी संघटना, हिच्या पात्रतेसाठी आता तिचे काहीच गुण लागत नाहीत. जानेवारी 2023 मध्ये ती अट कायमची काढली गेली. विद्यापीठ आपल्या प्रवेशासाठी परीक्षा मागू शकतं, पण ती गोष्ट वेगळी. पात्रतेचा हिशोब नववीपासूनच सुरू होतो, आणि तिथेच बहुतेकांना उशीर झालेला असतो.

डिव्हिजन वनसाठी, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटासाठी, 16 ‘कोर कोर्स’ (मुख्य विषयांचे एकेका वर्षाचे अभ्यासक्रम) लागतात. त्यात इंग्रजीची चार वर्षं, गणिताची तीन, विज्ञानाची दोन आणि सामाजिक शास्त्रांची दोन. याखेरीज इंग्रजी-गणित-विज्ञानापैकी आणखी एक वर्ष आणि उरलेली चार यातल्याच विषयांत किंवा परदेशी भाषा, तत्त्वज्ञान वगैरेंत. गणित बीजगणिताच्या पातळीचं किंवा वरचं हवं. आपल्या मुलांची गाडी इथेच अडते. दहावीनंतर कॉमर्सला जाऊन गणित सोडलं, की नववी-दहावी मिळून वर्षं भरतात दोनच. तिसरं आणायचं कुठून? सरावाला वेळ मिळावा म्हणून गणित सोडायचा सल्ला पुष्कळदा घरातूनच येतो, ही त्यातली गंमत.

आता सरासरी. कोर विषयांचा जीपीए, म्हणजे श्रेणींच्या गुणांची सरासरी, किमान 2.3 हवा. ए म्हणजे 4, बी म्हणजे 3, सी म्हणजे 2, डी म्हणजे 1. बी-प्लस असो की बी-मायनस, दोन्ही 3 च. 16 विषयांना 2.3 ने गुणलं की 36.8, म्हणजे प्रत्यक्षात 37 गुण. 36 झाले तर सरासरी 2.25 आणि पहिल्या वर्षी सामना नाही. 2.0 ते 2.3 मधल्या मुलाला ‘अकॅडमिक रेडशर्ट’ म्हणतात. शिष्यवृत्ती मिळते, सराव करता येतो, पण सामन्यात उतरता येत नाही.

अमेरिकेतल्या शाळेत शिकणाऱ्यांसाठी खरी मेख ‘दहा-सात’ नियमात आहे. शेवटच्या वर्षाचं (बारावीचं) पहिलं सत्र, म्हणजे नववीपासून मोजलं तर सातवं सत्र, सुरू होण्याआधी 10 कोर विषय पूर्ण हवेत आणि त्यातले 7 इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. हे गुण त्या दिवशी गोठतात. नंतर तोच विषय पुन्हा देऊन सुधारता येत नाहीत. समजा त्या दहांत सगळे सी आहेत, म्हणजे 20 गुण. उरलेल्या सहा विषयांत 17 आणायचे म्हणजे पाच बी आणि एक सी. ज्याला दहा विषयांत एकही बी मिळाला नाही, त्याला शेवटच्या वर्षी, ऐन हंगामात, पाच मिळवायचे आहेत. सुधारणा करायची असेल तर ती सातव्या सत्राआधी, नववी ते अकरावीच्या सुट्ट्यांत.

कॉलेजात शिरल्यावर नियम बदलतात. दुसऱ्या वर्षाआधी 24 क्रेडिट (पूर्ण केलेला अभ्यास मोजायचं एकक), प्रत्येक सत्रात किमान 6. मग 40-60-80: तिसरं वर्ष सुरू होण्याआधी पदवीचा 40 टक्के भाग, चौथ्याआधी 60, पाचव्याआधी 80. पदवी 120 क्रेडिटची असेल तर 48, 72, 96. आकडे सोपे वाटतात, पण क्रेडिट निवडलेल्या पदवीलाच लागू व्हायला हवीत. दोन वर्षांत 60 क्रेडिट मिळवलेली मुलगी बिझनेस सोडून नर्सिंगकडे वळली आणि नव्या पदवीला त्यातली 40 च चालली, तर ती 33 टक्क्यांवर येते. एकही विषय नापास नाही, तरी सामन्यातून बाहेर!

शिवाय प्रयोगशाळेचे तास बहुधा दुपारी, सरावही दुपारी. कागदावर सराव हंगामात आठवड्याला 20 तास, दिवसाला 4. पण सामन्याचा अख्खा दिवस 3 तासच धरतात, आणि प्रवास हिशोबातच नाही. मग कॉलेजचा अभ्यास-सल्लागार हळूच दुसरा विषय सुचवतो. खेळाडू ठरावीक दोन-तीन विषयांत गोळा होतात, त्यात हुशारीपेक्षा वेळापत्रकाचा वाटा मोठा असतो.

सल्लागाराचीही मजबुरी असते, तिचं नाव एपीआर (अकॅडमिक प्रोग्रेस रेट), म्हणजे संघाच्या अभ्यासातल्या प्रगतीचा आकडा. प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाला दर सत्रात दोन गुण: एक पात्र राहिल्याचा, एक कॉलेजात टिकल्याचा. मिळालेले गुण भागिले शक्य गुण, गुणिले 1000. तेरा खेळाडूंचा संघ घ्या, वर्षाला 52 गुण शक्य. दोघं अपात्र होऊन निघून गेले की चार गेले. 48 भागिले 52, म्हणजे 923. चार वर्षांची सरासरी 930 खाली आली की हंगामानंतरच्या स्पर्धा बंद. कनेक्टिकटचा पुरुष बास्केटबॉल संघ याच कारणाने 2013 च्या राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला. पुढच्याच वर्षी तो विजेता झाला.

पण हे सगळं मोजमाप क्रेडिट मोजतं; क्रेडिटच्या आत काय आहे ते पाहत नाही. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 1993 ते 2011 अशी अठरा वर्षं असे वर्ग चालले जे भरतच नव्हते. एक निबंध द्यायचा, तो विभागाची कर्मचारी तपासायची, गुण भरघोस. 3,100 हून अधिक विद्यार्थी त्यातून गेले, जवळपास निम्मे खेळाडू. 2017 मध्ये एनसीएएने विद्यापीठाला शिक्षा केली नाही, कारण ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते! नियमाच्या भाषेत ते बरोबर असेलही. मला तो निर्णय आजही पचत नाही.

तेव्हा प्रशिक्षकाचा फोन येईल त्या दिवशी एवढं करा. संघाची खेळाडूंची यादी संकेतस्थळावर असते, आणि पुष्कळ ठिकाणी प्रत्येकाचा विषयही दिलेला असतो. ती उघडा. पंधरांपैकी अकरा जणांचा विषय एकच दिसला, तर विचारा: तुमच्या संघातल्या कुणी गेल्या चार वर्षांत प्रयोगशाळेचा विषय घेऊन पदवी पूर्ण केली का, आणि त्याचा सराव किती वाजता असायचा?