हेझल स्कॉटचा डावा हात

अध्यक्षमहोदय आणि रसिक श्रोतेहो,

मी पेटी शिकवते. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो. सूर उजव्या हाताचे आणि श्वास डाव्याचा, अशी आमच्या वाद्यातली वाटणी आहे. त्यामुळे पियानो ऐकताना माझे कान आपोआप डाव्या हाताकडे जातात. जो हात आमच्याकडे नुसता श्वास पुरवतो, तो तिथे काय काय करत असेल, याची माझी उत्सुकता अजून शमलेली नाही. हेझल स्कॉट माझ्या आयुष्यात आली ती या उत्सुकतेच्या वाटेने.

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘गाणे, वाजवणे आणि अभिनय : तीन कला की एक?’ असा छापला आहे. हेझल जॅझ गायिका होती, पियानोवादक होती आणि चित्रपटांतून, रंगभूमीवरून, दूरचित्रवाणीवरून लोकांसमोर येत होती. तिच्यावरचे लेखन वाचताना मला सतत एक खंत जाणवते. पियानोच्या इतिहासात तिला अर्धे पान मिळते आणि चित्रपटाच्या इतिहासात एक तळटीप. राजकारणाच्या इतिहासात मात्र ती न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचे खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांची पत्नी म्हणून छायाचित्रात उभी असते. तीन पुस्तकांत तीन निरनिराळ्या बाया भेटतात आणि त्यांतली एकही पुरी नसते. माझे म्हणणे असे आहे, की तिची कला एकच होती, ती म्हणजे साथ, आणि साथ कोणाला करायची व कोणाला करायची नाही हे ठरवण्यात तिचे सारे आयुष्य गेले.

असे मिश्रण आपल्याला खरे तर परके वाटू नये. गोविंदराव टेंबे यांनी पेटीला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला, १९११ साली ‘मानापमाना’ला चाली दिल्या आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्राची भूमिकाही केली. ते वादक की नट, असा प्रश्न आपल्या आजोबांना पडला नव्हता.

हेझलचा जन्म ११ जून १९२० रोजी त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनचा. ती चार वर्षांची असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. आई आल्मा पियानो शिकलेली होती, पण पोटासाठी तिने स्वतःच्या बळावर सॅक्सोफोन शिकून घेतला, जॅझ पियानोवादक लिल हार्डिन आर्मस्ट्राँगच्या वाद्यवृंदात ती वाजवू लागली आणि पुढे तिने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. आर्ट टेटम आणि फॅट्स वॉलर यांच्यासारखे जॅझचे नामवंत पियानोवादक त्या घरी येत-जात असत. ज्या मुलीच्या घरच्या पियानोवर आर्ट टेटमची बोटे फिरली, तिला वेगळी शाळा कशाला लागते, असे मला वाटते. पण आल्माला तसे वाटले नाही. आठ वर्षांच्या हेझलला घेऊन ती ज्युलियार्ड या नामवंत संगीतशाळेच्या दारात गेली. तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नव्हता. हेझलने रशियन संगीतकार रखमानिनॉव्हचा सी शार्प मायनरमधला प्रेल्यूड, म्हणजे पियानोची एक छोटी रचना, वाजवायला घेतला. त्यात सप्तकाच्या अंतरावरचे स्वर एकाच वेळी दाबावे लागतात आणि आठ वर्षांच्या हाताला तेवढी वीत नसते. म्हणून ती सप्तकाच्या जागी सहाव्या स्वराचे अंतर घेऊन वाजवत गेली. हात पुरत नाही म्हणून ती थांबली नाही, तिने रचनाच हाताच्या मापाची करून घेतली. ऑस्कर वॅग्नर या प्राध्यापकांनी तिला खाजगी विद्यार्थिनी म्हणून स्वीकारले.

१९३९ मध्ये ‘कॅफे सोसायटी’ या न्यूयॉर्कमधल्या नाइटक्लबात जॅझ गायिका बिली हॉलिडेचा करार चालू होता. काळे आणि गोरे श्रोते एकमेकांशेजारी बसतील, अशा अटीवर बार्नी जोसेफसन यांनी ग्रीनिच व्हिलेजमध्ये आदल्या वर्षीच ही जागा सुरू केली होती. मुदत संपायच्या तीन आठवडे आधी बिलीने रजा घेतली आणि आपल्या जागी हेझलला घ्यावे असा आग्रह धरला. तिथून हेझलचे नाव झाले. बाख किंवा शोपाँ या पाश्चात्त्य अभिजात संगीतकारांची रचना ती आधी जशीच्या तशी वाजवी, नंतर तीच बूगी-वूगीच्या ठेक्यावर नेई. बूगी-वूगी म्हणजे डाव्या हाताने एका मापात आठ आघातांची एकच आकृती न थकता फिरवत ठेवायची. याची तांत्रिक बाजू मी शेवटी सविस्तर सांगणार आहे.

आता हॉलिवूड. १९४३ ते १९४५ या काळात हेझल पाच चित्रपटांत दिसली. त्या काळात कृष्णवर्णीय स्त्रीला पडद्यावर यायचे असेल, तर तिला मोलकरणीचा वेश घालावा लागे. हेझलने तशा भूमिका नाकारल्या आणि करारातच अटी घातल्या: मोलकरणीची भूमिका नाही, पडद्यावर मी हेझल स्कॉट या नावानेच दिसेन, आणि अंगावर काय घालायचे ते मीच ठरवीन. ही शेवटची अट ऐकून एखाद्याला ती नटीची हौस वाटेल. बालगंधर्वांचे शालू पाहून त्याच धाटणीचे शालू घेणाऱ्या घरांत वाढलेल्या आपल्या लोकांना मात्र हे सांगायला नको, की रंगमंचावरचे वस्त्र गाण्याइतकेच बोलत असते.

१९४३ चा ‘द हीट्स ऑन’ हा कोलंबिया कंपनीचा चित्रपट. नायिका मे वेस्ट, दिग्दर्शक ग्रेगरी रॅटॉफ. यात हेझल महिला सैन्यदलाच्या गणवेशात पियानोपाशी बसली आहे, कृष्णवर्णीय सैनिक महायुद्धावर निघाले आहेत आणि त्यांच्या प्रेयसी त्यांना निरोप देत आहेत, असा एक प्रवेश आहे. चित्रीकरणाच्या वेळी त्या मुलींच्या अंगावर ॲप्रन चढवलेले होते, आणि तेही मुद्दाम मळवलेले. हेझलने विचारले, की आपला माणूस लढाईवर निघालेला असताना कोणती बाई मळका ॲप्रन लावून त्याला निरोप द्यायला येईल? तिला उत्तर मिळाले ते साधारण या अर्थाचे, की तुझा वेश तर उत्तम आहे, मग तुला काय त्याचे?

श्रोतेहो, या उत्तरापाशी मी दर वेळी अडखळते, कारण असे उत्तर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेले आहे. आपल्याकडे सैन्यात भरती झालेला मुलगा सुट्टी संपवून निघतो, तेव्हा त्याची आई हात पुसलेल्या पदराने दारात येत नाही. ती ट्रंकेतली घडीची साडी काढते, निरांजन लावते, मग ओवाळते. एरवी दिवसभर चुलीपाशी बसणारी बाईसुद्धा त्या पाच मिनिटांसाठी नेसते, कारण जाणाऱ्याच्या डोळ्यांत आपले कोणते रूप राहील ते तिला ठाऊक असते. हार्लेममधली बाईही तशीच उभी राहिली असती. कॅमेऱ्यामागच्या माणसांना मात्र काळी बाई म्हणजे मळका ॲप्रन एवढेच ठाऊक होते. हेझलच्या अटी तिच्या एकटीच्या वेशापुरत्या होत्या आणि त्या तंतोतंत पाळल्या गेल्या होत्या. कागदोपत्री तिला तक्रारीला जागा नव्हती. तरीही तिने काम थांबवले. तीन दिवस चित्रीकरण बंद राहिले, स्टुडिओचा खर्च मात्र चालू राहिला. अखेर ॲप्रन गेले आणि मुली साध्या, नेटक्या झग्यांत कॅमेऱ्यासमोर आल्या.

या प्रसंगाकडे सहसा बाणेदारपणाची गोष्ट म्हणून पाहिले जाते, आणि ती तशी आहेच. मी तिच्याकडे पेटीवालीच्या नजरेने पाहते. त्या प्रवेशात पियानो कोण वाजवते आहे? हेझल. त्या मुलींच्या पावलांना ठेका कोणाचा? हेझलचा. म्हणजे मळक्या ॲप्रनमधल्या त्या चित्राला साथ तिच्याच हातांनी झाली असती. गायक बेसूर असला, तर साथीदार सांभाळून घेतो, तो आमचा धर्मच आहे. पण समोर चाललेली गोष्टच अपमानाची असेल, तर तिला साथ करणारा हात त्यात सामील होतो. हेझलने तो हात तीन दिवस उचलून घेतला.

किंमत मोठी पडली. कोलंबियाचे मालक हॅरी कोन यांनी, मी जिवंत असेपर्यंत हिला पुन्हा चित्रपटात पाऊल ठेवू देणार नाही, अशा अर्थाची प्रतिज्ञा केली. १९४५ च्या ‘रॅप्सडी इन ब्लू’नंतर हॉलिवूडचा दरवाजा तिला बंदच झाला. पण हात उचलून घेण्याचे तिने सोडले नाही. श्रोत्यांची रंगानुसार विभागणी असेल तिथे आपण वाजवणार नाही, ही अट तिच्या मैफलींच्या करारात असे. १९४८ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये तशी विभागणी दिसताच ती न वाजवता परतली. १९४९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पास्को गावी एका उपाहारगृहाने रंगामुळे जेवण नाकारले, तेव्हा तिने दावा लावला आणि २५० डॉलरची भरपाई मिळवली.

३ जुलै १९५० पासून ड्यूमाँट वाहिनीवर ‘द हेझल स्कॉट शो’ सुरू झाला. कृष्णवर्णीय स्त्रीचा स्वतःच्या नावाचा असा कार्यक्रम अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर त्याआधी झालेला नव्हता. पंधरा मिनिटे ती पियानोवर बसून गात असे; ना मोलकरीण, ना विनोदी पात्र. पण त्याआधी काही दिवस ‘रेड चॅनल्स’ नावाच्या पुस्तिकेत कम्युनिस्टांच्या सहानुभूतीदारांची म्हणून जी नावे छापली गेली, त्यांत तिचे नाव होते. कोणी बोलावले नसताना २२ सप्टेंबरला ती आपणहून प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे गेली, आरोप नाकारले आणि अशा याद्यांनी कलावंतांची आयुष्ये कशी मोडतात ते तोंडावर सांगितले. २९ सप्टेंबरला कार्यक्रमाचा शेवटचा भाग झाला. त्या तीन महिन्यांतला एकही भाग आज उपलब्ध नाही. ज्या पडद्यावर ती गायिका, वादक आणि नटी अशी तिन्ही एकाच वेळी होती, नेमका तोच पुसला गेला, याचे मला ॲप्रनच्या प्रकरणापेक्षाही जास्त वाईट वाटते.

अध्यक्षांनी दहा मिनिटे राहिल्याची चिठ्ठी पाठवली आहे. जाहीर केलेला विषय अजून शिल्लक आहे, तेव्हा तो थोडक्यात मांडते.

पहिला मुद्दा डाव्या हाताचा. शोपाँचा वॉल्ट्झ, म्हणजे नृत्याच्या चालीची रचना, तीन मात्रांचा असतो. हेझल तो आधी नीट, घरंदाजपणे वाजवते. मग डावा हात चारच्या चालीत शिरतो: एक आणि तीनवर खालचा खर्ज, दोन आणि चारवर वरचे स्वरसमूह. उजव्या हातातली चाल ओळखू येते, पण तिचे आघात सरकतात आणि जिथे उतरावे अशी अपेक्षा असते, त्याच्या किंचित आधी किंवा नंतर ती उतरते. सम चुकवून अचूक समेवर येण्याचा जो आनंद आपल्याला ठाऊक आहे, त्याच जातीचा हा आनंद आहे. चाल शोपाँची राहते, पण ती कोणत्या मुलखात उभी आहे हे डावा हात ठरवतो. नटही हेच करतो: वाक्य लेखकाचे असते, पण ते बोलणारा माणूस कोण आहे हे नटाची देहबोली ठरवते.

दुसरा मुद्दा गळ्याचा. तिचा आवाज खालच्या पट्टीचा, जाडसर आणि उबदार होता. गाताना ती पियानो विरळ करते, शब्द संपला की त्याच श्वासात बोटे पुढचे वाक्य बोलतात. आपली गायिका आणि आपली साथीदार ती स्वतःच असल्यामुळे, कोणी कोणासाठी थांबायचे हा प्रश्नच उरत नाही.

तिसरा मुद्दा चेहऱ्याचा. त्याच ‘द हीट्स ऑन’मध्ये दोन पियानो आहेत, एक काळा आणि एक पांढरा. हेझल मधोमध बसून एकाच वेळी दोन्ही वाजवते. २०१९ च्या ग्रॅमी समारंभात गायिका ॲलिशिया कीजने दोन पियानो वाजवून तिचे नाव घेतले, ते या दृश्याला स्मरून. ती चित्रफीत पुन्हा पाहाल, तेव्हा हातांकडे पाहू नका. हात अवघडातले अवघड काम करत असताना तिच्या चेहऱ्यावर कष्टाचा मागमूसही नाही. ती इकडे तिकडे पाहते, हसते, जणू पाहुण्यांशी गप्पा मारते आहे. हा सहजपणा तिने घडवलेला आहे आणि मी त्यालाच तिचा खरा अभिनय मानते.

पुढचे आयुष्य दोन वाक्यांत सांगते. १९५७ च्या सुमारास ती पॅरिसला गेली, १९६७ मध्ये परतली आणि २ ऑक्टोबर १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारली. पॅरिसला जाण्यापूर्वी, जानेवारी १९५५ मध्ये, बासवर चार्ल्स मिंगस आणि ड्रमवर मॅक्स रोच यांना घेऊन तिने ‘रिलॅक्स्ड पियानो मूड्स’ ही तबकडी केली.

त्यातला एक तुकडा आता लावते. यात बाख नाही, शोपाँ नाही, प्रेक्षकांना थक्क करण्याची घाईही नाही. ठेक्याचा भार मिंगसने उचलला आहे, त्यामुळे इतकी वर्षे राबलेला तो डावा हात इथे मधूनच एखादा स्वरसमूह ठेवतो आणि बराच वेळ नुसता ऐकत राहतो. मागच्या रांगेतल्यांनी पुढे यावे, आवाज फार मोठा नाही.