लाल गाडी आणि अडीच फुटांचं दार

(दृश्य : गोदामाचं शटर वर सरकतं. आत ताडपत्रीखाली काहीतरी मोठं.)

इंग्लंडमधलं समुद्रकाठचं एक गाव. शनिवारची सकाळ, बारीक पाऊस. गोदामाचे मालक ताडपत्री ओढतात आणि खालून लाल गाडी निघते. दारं नाहीत, छप्पर नाही आणि समोर काचेच्या जागी पडदा. 1986 साली सेगा कंपनीने काढलेल्या ‘आउटरन’ या गाडीच्या व्हिडिओ गेमची ही डीलक्स कॅबिनेट, म्हणजे खेळायचं अख्खं यंत्र. फेरारीच्या टेस्टारोसाची आठवण करून देणारी, माणूस आत बसेल एवढी.

मालक सत्तरीचे आहेत. किनाऱ्यावर त्यांचं आर्केड होतं, नाणं टाकून असे गेम खेळायची जागा, ते बंद झालं आणि यंत्रं इथे आली. ते सांगतात, “सगळं चालू आहे. फक्त हलत नाही.”

या ‘फक्त’ची किंमत किती, ते ठरवून गाडी विकत घ्यायलाच मी इतक्या लांबून आलोय.

(दृश्य : धुळीने भरलेलं स्टिअरिंग, जवळून.)

गेम तर आज कुठेही खेळता येतो. फोनवर, लॅपटॉपवर, टीव्हीला जोडायच्या छोट्या डबीवर. रस्ता तोच, समुद्र तोच, संगीतही तेच. मग कुणी एवढं अवजड धूड घरात का आणावं? कारण हा गेम ज्यांनी केला त्यांनी तो नुसता पडद्यासाठी केलाच नव्हता. सेगाच्या यू सुझुकींनी 1985 मध्ये ‘हँग-ऑन’ केला. त्यात खेळणारा खऱ्या आकाराच्या मोटरसायकलवर बसून अंग झोकून ती कलती करायचा. जपानीत अशा खेळांना ‘ताइकान’ म्हणतात, म्हणजे अंगाने अनुभवायचा खेळ. पुढच्याच वर्षी आउटरन आला. त्याच्या तयारीसाठी सुझुकी युरोपात गाडीने हिंडले, रस्ते आणि गावं बघत. गेममध्ये शर्यत नावापुरती आहे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो, डावीकडे जायचं की उजवीकडे ते तुम्ही ठरवायचं. असे 15 टप्पे आणि 5 शेवट. निघण्याआधी स्टिअरिंग फिरवून गाडीतला रेडिओ लावायचा. हिरोशी कावागुचींच्या तीन धुनांपैकी एक निवडायची आणि मग निघायचं.

आणि डीलक्समध्ये वळण आलं की अख्खी गाडी तुम्हाला घेऊन कलते. हे फोनवर होत नाही. म्हणून माझा हिशेब सरळ आहे. जे फुकट मिळतं त्याचे पैसे मी देत नाही. बोर्डावरचा, म्हणजे आतल्या सर्किटवरचा, गेम फुकट मिळतो. पैसे द्यायचे ते अंगाचे. फायबरचा सांगाडा, सीट, पिक्चर ट्यूब आणि हलवणारी मोटर.

(दृश्य : मोजपट्टी उघडते.)

पण आधी मोजपट्टी. इंग्लंडमधल्या घरांत आतली दारं बहुतेक 762 मिलिमीटरची असतात, म्हणजे जेमतेम अडीच फूट. यंत्राची जाहिरातीतली लांबी-रुंदी इथे कामाची नाही. बोल्ट काढून भाग सुटे केल्यावर सर्वांत रुंद भाग किती भरतो, ते विचारायचं. तो दारातून जात नसेल तर पुढची घासाघीस व्यर्थ. नवखा माणूस यंत्राची किंमत ठरवतो आणि टेम्पो, हमाल, मागचा उचलपाट असलेली गाडी, हे सगळं नंतरचं समजतो. माझ्या वहीत ते पहिल्या ओळीत असतं. पाच तासांवरून आणायचं यंत्र आणि गल्लीतलं यंत्र, दोन्ही एकाच स्थितीत असली तरी मी त्यांना एकच भाव देत नाही.

मग खाली वाकायचं. समुद्रकाठच्या आर्केडमधली यंत्रं खारी हवा खातात. वरून लाल रंग झळझळीत आणि खालच्या चौकटीवर गंजाचे पापुद्रे. मी बोटाने दाबून बघतो. पापुद्रा सुटून खाली घट्ट लोखंड लागलं तर ठीक. बोट आत गेलं तर मी हात झटकून चहा पितो आणि घरी जातो. इथे लोखंड घट्ट आहे.

(दृश्य : पडदा उजळतो. निळं आकाश, रस्ता.)

माझे काका पुण्यात बुधवार पेठेत टीव्ही दुरुस्त करायचे. मी पहिलं यंत्र घ्यायला निघालो तेव्हा त्यांनी फोनवर एकच सांगितलं होतं, “आधी ट्यूब बघ रे. बाकीचं कुणीही करून देईल.” एवढ्या मोठ्या यंत्रांत याहून खरं वाक्य मला अजून सापडलेलं नाही. कपॅसिटर सुकलेले असतात, ते बदलता येतात. ट्यूबला जास्त दाबाची वीज देणारा, आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ईएचटी म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर शोधला तर मिळतो. पण अशी पिक्चर ट्यूब आता नव्याने सहसा कुणी बनवत नाही. म्हणून पडदा बंद असताना टॉर्च तिरका धरायचा. वर्षानुवर्षं एकच चित्र उभं राहिलं असेल तर काचेवर त्याचा करडा ठसा दिसतो, जळाल्यासारखा. मग चालू करून अंधाऱ्या दृश्यात लाल रंग पसरतोय का ते बघायचं. मागचा पत्रा मात्र मी काकांचं ऐकून सहसा उघडत नाही. रंगीत ट्यूबला 25 हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ आत साठून राहतो.

इथली ट्यूब चांगली आहे. चांगलीच चांगली.

स्टिअरिंग. तपासणीच्या पडद्यावर चाकाची जागा आकड्याने दिसते. आठ बिटांचा आकडा, शून्यापासून 255 पर्यंतचा. चाक मधोमध स्थिर धरलं तरी आकडा नाचत असेल तर चाकाची जागा मोजणारा आतला पोटेन्शिओमीटर झिजलाय. जुन्या रेडिओचं बटण फिरवताना खरखर यायची, त्यातलाच प्रकार. स्वस्त भाग, त्यामुळे इथे मी भाव पाडत नाही.

आत बोर्ड कुठला आहे, हे मात्र विचारायचंच. 1989 मध्ये ‘टर्बो आउटरन’ आला तेव्हा अनेक मालकांनी जुन्याच कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड बसवला आणि बाहेरचे स्टिकर बदलले. त्या टर्बोच्या प्रोसेसरमध्ये एक छोटी बॅटरी असते आणि तिच्या जिवावर गेमचा कुलूपबंद प्रोग्राम उलगडणारी गुप्त किल्ली टिकून असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि गेम मरतो. आता कुलूप काढलेले प्रोग्राम मिळतात, त्यामुळे मेलेला बोर्ड उठवता येतो. पण विकणाऱ्याने हे सांगितलं नसेल तर बाकीचंही सांगितलं नसणार, असं मी धरून चालतो. इथे मूळचा आउटरन आहे. त्याला ही बॅटरीच नाही.

(दृश्य : इतर यंत्रांची जुनी छायाचित्रं.)

यंत्र बदललं की हिशेब बदलतो. अटारीच्या 1989 च्या ‘हार्ड ड्रायव्हिन’मध्ये क्लच आहे, गिअर आहेत, सुरू करायला किल्ली आहे आणि स्टिअरिंग हाताला उलट जोर देतं. तिथे मी पडद्याइतकाच वेळ पायाशी घालवतो. सेगाची 1999 ची ‘एफ 355 चॅलेंज’, तिच्या डीलक्सला तीन पडदे आणि चार बोर्ड. तीन ट्यूबांचे रंग एकमेकांशी जुळलेले असतील तर मी बिनतक्रार जास्त देईन, कारण ते जुळवत बसण्यात महिने जातात. ‘डेटोना यूएसए’ची जोडकॅबिनेट मिळते तुलनेने सहज, पण तिची खरी मजा दोघांनी शेजारी बसून खेळण्यात आहे. एक बाजू बंद असेल तर मी निम्म्याहून कमी देतो. आणि नाम्कोने 1990 च्या दशकात ‘रिज रेसर’साठी खरीखुरी माझदा रोडस्टर गाडीच रुंद पडद्यासमोर उभी केली होती. ती कुणी विकायला काढली तर मोजपट्टी घरीच ठेवलेली बरी.

(दृश्य : पुन्हा लाल गाडी. सीटखालचं झाकण निघतं.)

आता ती मोटर.

चालू करताना डीलक्स आधी स्वतःला तपासते. गाडी डाव्या टोकाला जाते, मग उजव्या, मग मधोमध येते. टोकं कळावीत म्हणून तिथे छोटे खटके बसवलेले असतात. खटक्याकडून बरोबर इशारा आला नाही तर यंत्राला टोक कळत नाही, तपासणी फसते आणि मोटर बंद ठेवूनच गेम सुरू होतो. चालू करताना ही गाडी उजवीकडे जाते, डावीकडे जातच नाही आणि मग गेममध्ये हलत नाही, असं मालक म्हणाले होते. मोटर जळाली असती तर ती कुठेच गेली नसती.

टॉर्च घेऊन मी आडवा झालो. डाव्या खटक्याची एक तार तुटून लोंबत होती. तांब्याचं टोक हिरवं पडलेलं, मिठाने खाल्लेलं. सोल्डरचा एक डाग दिला की काम.

मी काही वेळ तसाच पडून राहिलो. न हलणाऱ्या गाडीची किंमत वेगळी, हलणारीची वेगळी आणि मधलं अंतर मोठं. एका तारेचं अंतर. बाहेर येऊन काहीच बोललो नसतो तर ते सगळं माझ्या खिशात राहिलं असतं.

बाहेर येऊन मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. म्हणाले, आठ वर्षं ती तशीच उभी आहे. मग त्यांनी आकडा वाढवला, मी माझा थोडा वाढवला, आणि वाहतूक माझी या अटीवर मधे कुठेतरी हात मिळवला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्तच गेले. गाडी तेवढ्याची आहे.

(दृश्य : सोल्डरिंगचा धूर. तार जोडली जाते.)

त्यांनीच बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग सीटखालून जाड घरघर आली आणि गाडी डावीकडे कलू लागली, सावकाश, थेट टोकापर्यंत. थांबली. उजवीकडे गेली. मग मधोमध आली.

“बसू का?” त्यांनी विचारलं. गाडी अजून त्यांचीच होती, पैसे द्यायचे बाकी होते.

आत बसताना त्यांना गुडघा धरावा लागला. नाणं टाकायची खाच मात्र हाताला न बघता सापडली. स्टिअरिंग फिरवून त्यांनी रेडिओ लावला, गिअर खाली ओढला आणि पहिल्या दुभंगाला, विचार न करता, डावीकडे गेले.